रंग कुठला घेतलात?

नवी गाडी घेतली की लोक तीन प्रश्न विचारतात. केवढ्याला पडली? ॲव्हरेज किती देते? आणि रंग कुठला घेतलात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या माहितीपत्रकात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र आपले आपल्यालाच द्यावे लागते, आणि आपल्या बेळगावात ते देणे वाटते तितके सोपे नाही. २०२४ च्या दिवाळीत मी हे अनुभवाने शिकले.

वीस वर्षे स्कूटरवरून कॉलेजला गेले. पावसाळ्यात रेनकोट, पर्स आणि तपासायच्या पेपरांचा गठ्ठा सांभाळत कसरत करायची. पगाराची थकबाकी एकदम हातात आली तेव्हा ठरवले, आता एक छोटी चारचाकी घ्यायची, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या नावावर. दसऱ्याच्या आधी चौकशी केली, मॉडेल ठरले, कर्जाचा हप्ता ठरला. राहिला तो रंग. शोरूममधल्या पोराने सात रंगांचा एक कागद हातात ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, घरी दाखवा, निवांत सांगा."

घरी दाखवणे हीच चूक झाली!

आमच्या घराची रचना वाचकांपैकी अनेकांना ओळखीची वाटेल. माझे माहेर शहापूरचे, मराठी. सासर धारवाडकडचे, कन्नड. स्वयंपाकघरात कन्नड, हिशेबाला मराठी आणि भांडणाला जी आधी सुचेल ती. मुलगा मला आई म्हणतो आणि वडिलांना अप्पा. दोन्हीकडच्या आजीला तो अज्जी म्हणतो. तेवढा एक शब्द दोन्ही घरांत भाषांतरावाचून चालतो.

त्या रविवारी दोन्हीकडची मंडळी जेवायला होती. कागद ताटाभोवती फिरू लागला. मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने क्षणाचाही विचार न करता काळ्यावर बोट ठेवले. माझा दादा हसत म्हणाला, "काळी गाडी घेऊलालीस काय? ती पण एक नोव्हेंबरच्या तोंडावर? तुझे दीर घरात घेतील काय मग तुला?" दीर हसले, पण काळ्यावरून त्यांनी बोट काढायला लावलेच. मग दादाचे बोट केशरी रंगावर गेले. त्यावर दीर म्हणाले, "वैनी, मग पुढच्या बॉनेटला मी लाल-पिवळी पट्टी लावणार बघा." लाल गाडी नको, कारण कोणीतरी तिच्यावर पिवळे स्टिकर चिकटवणार. पिवळी नको, कारण कोणीतरी तिला लाल शोधणार. यजमान म्हणाले, "अरे, ही गाडी आहे का मोर्चा?"

बाहेरगावच्या माणसाला यात हसण्यासारखे काय ते कळणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, आणि तेव्हापासून त्या तारखेला आपल्या गावात दोन दिवस एकदम उगवतात. एकीकडे राज्योत्सव, लाल-पिवळे झेंडे. दुसरीकडे काळा दिन, दंडावर काळ्या फिती. माझे वडील फीत लावून फेरीला जायचे. माझे सासरे शाळामास्तर, ते त्याच सकाळी शाळेत राज्योत्सवाचे भाषण करायचे. व्याही झाल्यावर त्यांनी एक अलिखित करार केला होता. एक तारखेला एकमेकांना फोन करायचा नाही आणि दोन तारखेला न चुकता एकत्र चहा घ्यायचा. दोघेही आता नाहीत. करार मात्र दादा आणि दीर पाळतात.

उरलेल्या रंगांनाही कोणी ना कोणी धनी निघालाच. राखाडी पाहून माझी आई म्हणाली, "देवाला न्यायची गाडी, आणि राखेच्या रंगाची?" शेवटी सगळे पांढऱ्यावर आले. तो कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांना चालतो. यजमान बँकेतले. त्यांनी हिशेबच मांडला. पांढरी गाडी विकताना गिऱ्हाईक लगेच मिळते, साध्या पांढऱ्याला जादा पैसे पडत नाहीत, आणि ती शोरूमच्या गोदामात उभीच आहे, म्हणजे पाडव्याला हातात. २ नोव्हेंबरचा पाडवा, आईने मुहूर्तही काढून ठेवलेला. ठरल्यासारखेच झाले.

मास्तरकीची खोड अशी, की ठरलेल्या गोष्टीचाही अभ्यास केल्याशिवाय चैन पडत नाही. रात्री वाचत बसले. पांढऱ्याच्या बाजूने पुष्कळ सापडले. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ साली एक काळी आणि एक चंदेरी, बाकी सारख्याच अशा दोन गाड्या उन्हात उभ्या करून पाहिल्या. आतल्या हवेत पाच-सहा अंशांचा फरक पडला. पांढरा रंग चंदेरीसारखाच ऊन परतवतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने २००७ साली अपघातांच्या नोंदी तपासल्या. दिवसाउजेडी काळ्या गाडीला पांढरीपेक्षा अपघाताचा धोका सुमारे १२ टक्के अधिक दिसला, कारण ती समोरच्याच्या नजरेत उशिरा भरते. आमचे चिरंजीव काळ्यावरून मुकाट्याने उतरले ते हे ऐकून, काकांच्या बोलण्याने नव्हे.

आणखी एक गंमत कळली. फोर्डची गाजलेली मॉडेल टी गाडी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याआधी तीच गाडी लाल, हिरवी, निळी, करडी अशी मिळत होती. कारखान्याला एकच रंग सोयीचा आणि स्वस्त पडला, म्हणून गिऱ्हाईकांची निवड गेली. माझ्या मनात आले, आमच्याकडे तेच चालले आहे की. फरक इतकाच, की सोय कारखान्याची नसून पाहुण्यारावळ्यांची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते. सासूबाईंना मी अत्ती म्हणते. रविवारी त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. शेजारी येऊन बसल्या आणि विचारले, "निनग याव बण्ण बेकवा?"

तुला कुठला रंग हवा गं? गाडी माझी, हप्ता माझा, आणि हा प्रश्न मला विचारणारे पहिले माणूस माझी सासू! मला चटकन उत्तरच देता येईना. कुणाला काय चालणार नाही याची यादी मला तोंडपाठ होती. मला काय आवडते, ते आठवावे लागले.

कागदावर खाली कोपऱ्यात एक गडद लाल रंग होता, थोडा जांभळटाकडे झुकलेला. कंपनीने त्याला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव दिले होते. मी त्यावर बोट ठेवले. अत्तींनी चष्मा वर करून पाहिले, उठून आत गेल्या आणि ट्रंकेतून त्यांचे जुने इळकल घेऊन आल्या. काठ विरलेला, पदरावर पांढऱ्या नक्षीची तीच ओळखीची तोप तेनी. अंगाचा रंग अगदी तो. "दाळिंबे," त्या म्हणाल्या. डाळिंबी! आपण इरकल म्हणतो, त्या इळकल म्हणतात. लुगडे बागलकोट जिल्ह्यातल्या त्या एकाच गावचे. माझ्या आईच्या कपाटातही तसेच एक आहे. मराठीत डाळिंब, कन्नडात दाळिंबे, आणि या रंगाचा झेंडा घेऊन गावातून कुणी फेरी काढल्याचे मला तरी आठवत नाही.

लुगड्याचा पदर पिशवीत घालून शोरूमला गेले. पोराने आधी विचित्र नजरेने पाहिले, मग स्वतःच नमुन्याचा पत्रा आणून शेजारी धरला. त्याने समजावून सांगितलेले इथे सांगते, कुणाला उपयोगी पडेल. पत्र्यावर रंगाचे थर एकावर एक असतात. आधी गंज रोखणारे थर, मग प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक लेप. सगळे मिळून जाडी एका मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, म्हणून उन्हात तो वेगळा दिसतो आणि सावलीत वेगळा. तेव्हा रंग कागदावर नव्हे, बाहेर उन्हात उभ्या गाडीवर पाहावा. पूर्वी लाल रंग उन्हाने लवकर फिका पडे. आता वरच्या लेपामुळे तसा पटकन पडत नाही, पण गाडी सावलीत ठेवलेली बरी. ओरखडा गेला तर गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो, तोच सांगून रंग लावून घ्यावा. आणि पुढे कधी रंग बदललाच, तर आरटीओत नोंद करावी लागते, कारण आरसी बुकात रंगही लिहिलेला असतो.

हे सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "पण मॅडम, हा कलर स्टॉकमध्ये नाही. पाच आठवडे लागतील."

म्हणजे पाडवा हुकणार. घरी सांगितले. आई गप्प झाली. आमची आई रागावते तेव्हा बोलत नाही, देवघरातली भांडी घासते. यजमानांनी पुन्हा रीसेलचे आकडे काढले. तेव्हा अत्ती आतूनच म्हणाल्या, "माराक तगोळाकत्तीरेन?" विकायला घेताय काय? बँकेतल्या माणसाकडे त्यावर उत्तर नव्हते. मग त्या माझ्या आईजवळ जाऊन बसल्या. त्या कन्नडात बोलतात, आई मराठीत, आणि गेली वीस वर्षे दोघींचे कुठे अडलेले नाही. काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. थोड्या वेळाने आई बाहेर येऊन म्हणाली, "मुहूर्त एक दिवसाचा. गाडी दहा वर्षं बघायची आहे. घे तुला हवी ती."

गाडी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. दारात पूजा केली. चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला. आईने बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, तर ते डाळिंबीवर दिसेचना! मार्गशीर्ष पौर्णिमेची गर्दी ओसरल्यावर सौंदत्तीला यल्लम्माला गेलो. तिथे अत्तींनी मूठभर भंडारा बॉनेटवर उधळला. परत आल्यावर दादाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि कपाळावर हात मारला. "अगं, हे लाल-पिवळंच झालं की शेवटी!" दीर इतके खूश झाले की त्यांनी फोटोच काढून घेतला.

पुढच्या रविवारी दादाच्या हट्टाखातर जोतिबाला गेलो. तिथून गाडी गुलालाने माखून आली. भंडाऱ्यावर गुलाल, खाली डाळिंबी. आता तो कुठल्या पक्षाचा रंग झाला, ते दोघांनाही सांगता येईना.

येताना मागच्या सीटवर आई आणि अत्ती शेजारी शेजारी बसल्या होत्या. निपाणीला चहासाठी थांबलो. हॉटेलवाल्याने गाडी निरखत विचारले, "नवीन? कुठला रंग म्हणायचा हा?"

दोघींनी एकदमच सांगितले. एकीने मराठीत, एकीने कन्नडात. त्याला बहुधा एकच शब्द ऐकू आला.