डॉ. जे, लॅरी बर्ड आणि झाडूवाला

जुन्या बास्केटबॉल गेम्सचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ते १९९३ च्या 'एनबीए जॅम'चं. पेटलेला चेंडू, छपराला टेकतील अशा उड्या, बेंबीच्या देठापासून ओरडणारा निवेदक... मजा आहे त्यात, नाही कोण म्हणतो? पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९८३ साली, ॲपल टू या संगणकावर एक खेळ आला होता. 'वन ऑन वन: डॉ. जे व्हर्सेस लॅरी बर्ड'. त्याचा उल्लेख होतो तो फक्त तळटीपेत. खऱ्या खेळाडूंची नावं त्यांच्या संमतीने वापरणाऱ्या अगदी सुरुवातीच्या गेम्सपैकी एक, एवढंच एक वाक्य. मग लेखक पुढे सरकतो. म्हणजे इतिहासात खुर्ची दिली, पण पानावर वाढलं नाही, अशातली गत.

माझं म्हणणं असं की हा खेळ 'पहिला' होता म्हणून नव्हे, 'चांगला' होता म्हणून लक्षात ठेवायला हवा. आणि चांगला कशासाठी, तर त्याने दोन माणसांचा स्वभाव खेळाच्या नियमांत उतरवला म्हणून.

त्याआधी काय होतं ते बघा. १९७८ साली अटारीचा 'बास्केटबॉल' आला. त्यातही दोघंच समोरासमोर. पण ती दोन माणसं म्हणजे एकाच साच्यातल्या दोन बाहुल्या. रंग वेगळा, बाकी सगळं तेच. कोणती बाहुली आपली, याने काही बिघडत नव्हतं. एरिक हॅमंड या प्रोग्रॅमरने 'वन ऑन वन' लिहिला तेव्हा त्याच्या हाताशी असं काय मोठं होतं? जेमतेम १४० किलोबाइटची फ्लॉपी आणि एक जॉयस्टिक. तेवढ्यात त्याने अर्व्हिंग आणि बर्ड वेगळे केले.

ज्यांना हे दोघे माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्युलियस अर्व्हिंग, म्हणजेच डॉ. जे, फिलाडेल्फियाचा. हार्लेमच्या रकर पार्कमध्ये, उघड्या मैदानावरच्या सामन्यांत त्याचं नाव आधी गाजलं. १९७६ च्या डंक स्पर्धेत फ्री थ्रोच्या रेषेवरून झेप घेऊन त्याने चेंडू रिंगमध्ये कोंबला, ती झेप अजून लोक सांगतात. लॅरी बर्ड बोस्टनचा, मूळ इंडियाना राज्यातल्या फ्रेंच लिक नावाच्या लहानशा गावचा. उडी बेताची, पायात वेग नाही. पण हात असा की लांबून टाकलेला चेंडू जाळीत पडणार हे त्याला आधीच ठाऊक असावं. एकाचा खेळ हवेतला, दुसऱ्याचा डोक्यातला. (डोकं अर्व्हिंगकडेही भरपूर होतं, पण त्याच्या उडीपुढे ते कोणाला दिसायचं नाही, ही त्याची अडचण.)

आता हे खेळात कसं येतं? अर्व्हिंग घेतलात तर आत घुसायचं. त्याची चपळाई आणि डंक तिथे कामाला येतात. बर्ड घेतलात तर बाहेर उभं राहून नेम धरायचा. इथपर्यंत कोणालाही सुचेल. खरी गंमत यापुढची.  चेंडू हातात असताना खेळाडू गिरकी घेतो, बटण दाबून धरलं की उडी मारतो, सोडलं की चेंडू सुटतो. म्हणजे उडीच्या कोणत्या क्षणी बोट उचलायचं, यावर सगळं. आणि वर थकवा आहे. खेळाडू दमतो, दमला की मंदावतो. त्यामुळे अर्व्हिंगला सारखा पळवत ठेवणाराच हळूहळू गोत्यात येतो. बर्ड घेऊन खेळणारा पोरगा सुरुवातीला नुसताच लांबून मारत बसतो. मग समोरचा ते ओळखून अंगावर येऊन उभा राहतो. मग त्या जड पायांच्या बर्डलाही गिरकी घेऊन आत जावं लागतं. ती हूल एकदा जमली की पुढच्या वेळी समोरचा दोन पावलं मागे उभा राहतो, आणि बाहेरचा नेम पुन्हा मोकळा होतो. अर्धं मैदान, दोन माणसं, आणि हा सगळा संवाद! जुगलबंदी ऐकणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कोणी म्हणेल, नावं काय, विक्रीसाठी चिकटवली असणार. चिकटवली असतीलच. ट्रिप हॉकिन्सने १९८२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स काढली, तो काही धर्मादाय संस्था चालवत नव्हता. पण एक करून बघा. पडद्यावरची नावं झाका आणि दोघांकडून दोन-दोन डाव खेळा. कोण कोण आहे ते हातांना कळतं. आजच्या गेम्समध्ये चेहऱ्यावरचा घाम दिसतो, दंडावरचं गोंदण दिसतं. नावं झाकली तर कळेल का, हे मी छातीठोक सांगणार नाही.

माझ्या भाच्याला हा खेळ दाखवला, जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर. दरवर्षी नवा आकडा लावून येणाऱ्या गेम्सवर वाढलेलं पोर ते. पडद्याकडे बघून म्हणाला, "मामा, बाकीचे आठ जाण खंय?" प्रश्न रास्त होता. पाच विरुद्ध पाच हाच पुरा खेळ. पण अर्ध्या तासाने तोच बर्डला शिव्या घालत होता, आणि आठ जणांची आठवण कोणाला राहिली नव्हती.

त्याच्या त्या दरवर्षीच्या गेम्सचं एक दुखणं आहे. जुन्या आवृत्तीचा ऑनलाइन भाग काही वर्षांनी बंद होतो आणि पैसे मोजून घेतलेली वस्तू अर्धी मरते. 'वन ऑन वन'चं दुखणं उलटं. ज्या नावांमुळे तो खपला तीच नावं त्याच्या वाटेत येतात. खऱ्या माणसांची नावं लावलेला खेळ पुन्हा विकायचा तर परवानग्याही पुन्हा घ्याव्या लागतात. एवढी खटपट चाळीस वर्षांपूर्वीच्या फ्लॉपीसाठी कोण करणार? मग जुन्या वस्तू जपणाऱ्या हौशी लोकांच्या भरवशावर तो जगतो.

याचा पुढचा अवतार १९८८ चा, 'जॉर्डन व्हर्सेस बर्ड'. त्यात डंकची वेगळी स्पर्धा, लांब फेकीची वेगळी स्पर्धा. दिसायला भरजरी, पण मला तिथेच घसरण सुरू झाल्यासारखी वाटते. ज्या दोन गोष्टी एकमेकींशी झुंजत होत्या त्या सोडवून दोन वेगळ्या दुकानांत मांडल्या. असो, हे माझं मत.

खेळ बाजारात आला तेव्हा अर्व्हिंग ३३ वर्षांचा होता, त्याच वर्षी फिलाडेल्फियाने विजेतेपद मिळवलं होतं. बर्ड त्याच्याहून सहा-सात वर्षांनी लहान. पुढच्याच वर्षी, ९ नोव्हेंबर १९८४ ला, बोस्टनमध्ये हे दोघे एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि दोघांनाही बाहेर काढलं. तोवर बर्डचे ४२ गुण झाले होते, अर्व्हिंगचे ६. एकाच खोक्यावर नावं असलेली ही जोडी! गेममधला पंच बिचारा फाउल देण्यापलीकडे जात नाही. अर्व्हिंग १९८७ मध्ये निवृत्त झाला, बर्ड पाठीच्या दुखण्याने १९९२ मध्ये.

आणि तो झाडूवाला. जोरदार डंक मारला की कधीतरी काचेचा बोर्ड खळ्ळकन फुटतो. ही गोष्ट खरी घडलेली आहे, पण ती केली होती डॅरिल डॉकिन्सने, अर्व्हिंगच्याच संघातल्या धिप्पाड गड्याने. १९७९ मध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने, दोनदा! हॅमंडने ते श्रेय परस्पर दुसऱ्याच्या खात्यात टाकलं. पण काच फुटल्यावर कोणीतरी ती झाडायला हवी हे त्याला सुचलं, याबद्दल त्याला सगळं माफ. एक माणूस झाडू घेऊन येतो, खेळाडूकडे बघून पुटपुटतो, काचा लोटतो, आणि तो जाईपर्यंत दोन्ही महान खेळाडू मुकाट्याने थांबतात. भाचा आता हरला तरी चालेल म्हणतो, पण अर्व्हिंगच घेतो. त्याला तो झाडूवाला बघायचा असतो.