आपल्या पोट्ट्याले कोन घेते?

लिलावाच्या आठवड्यात वऱ्हाडातला क्रिकेटवेडा ओळखायची एक सोपी ट्रिक सांगते. मुंबई-चेन्नईचा फॅन विचारतो, ‘आपली टीम कोणाला घेणार?’ अमरावती-अकोल्याचा फॅन विचारतो, ‘आपल्या पोट्ट्याले कोन घेते?’ प्रश्न ऐकायला सारखाच, पण आतून अख्खा उलटा.

कारण साधं आहे बॉस. आमच्याकडे टीमच नाही. पुण्याला निदान दोनदा मिळाली, 2011 मध्ये वॉरियर्स आणि 2016 मध्ये सुपरजायंट्स. दोन्ही हातच्या गेल्या, पण जर्सी तर घालून झाली! विदर्भानं रणजी 2017-18 ला जिंकली, लगेच पुढच्या वर्षी परत जिंकली, 2024-25 ला तिसऱ्यांदा जिंकली. तरी आयपीएल आली की आम्ही भाड्याच्या टीममध्ये राहायला जातो. घरमालक कधीही बदलू शकतो, आणि नवा कोण ते ठरतं लिलावात. त्यामुळे आमच्याकडे मॅचपेक्षा लिलावाच्या दिवशी जास्त चहा संपतो.

ऑस्ट्रेलियावाल्यांचं बरं आहे. त्यांच्या त्या अंडाकृती बॉलच्या फुटबॉलमध्ये 1986 पासून ड्राफ्ट चालतो. पैशांची बोली नाही. जी टीम तळाला, तिला नव्या पोरांमधून निवडायचा पहिला चान्स. म्हणजे सीझनभर मार खाल्लेला फॅनसुद्धा नोव्हेंबरमध्ये खुशीत, की चला, पहिला पिक तरी आपला! त्यात एक गोड नियम असा, की बाप एखाद्या क्लबकडून 100 मॅचेस खेळला असेल तर पोराला घ्यायचा पहिला हक्क त्या क्लबचा. घराणेशाही म्हणा हवं तर. पण तिथल्या फॅनला एवढं नक्की ठाऊक असतं की आपला क्लब कुठला. अंदाज फक्त पोरांचा बांधायचा.

आयपीएलनंही ड्राफ्ट एकदा करून पाहिला होता. 2008 च्या पहिल्या सीझनआधी अंडर-19 वर्ल्ड कप जिंकून आलेल्या पोरांचा. पहिला पिक दिल्लीचा. घरचा विराट कोहली समोर असताना दिल्लीनं घेतला प्रदीप सांगवान. टीमला तेव्हा बोलर हवा होता, लॉजिक बरोबर होतं. विराट गेला बंगळुरूला, आणि पुढचं तुम्हाला माहितीये. लिलावाचे अंदाज बांधणारा प्रत्येक जण या एका किश्शावर जगतो. ‘एवढे मोठे टीमवाले चुकू शकतात, तर मग आपलं गणित का खरं ठरू नये?’

अमरावतीचं गणित खरं ठरलं 24 नोव्हेंबर 2024 ला. रविवार होता. आदल्याच दिवशी विधानसभेचा निकाल लागलेला, राजकमल चौकातला गुलालसुद्धा अजून झाडला नव्हता, आणि पब्लिक सीटा मोजायचं सोडून कोटी मोजायला बसलं. जेद्दाहच्या त्या लिलावात 577 नावं होती. जितेश शर्माची बेस प्राइस एक कोटी. बंगळुरूनं बोली सात कोटींपर्यंत नेली. मग जुन्या मालकानं, पंजाबनं, त्याला परत घ्यायचं कार्ड काढलं. नियमाप्रमाणे बंगळुरूला शेवटची बोली लावायची मुभा होती. त्यांनी थेट अकरा सांगितले. पंजाबनं कार्ड खिशात घातलं.

अकरा कोटी! माझ्या ओळखीचे एक काका, आयुष्यभर बाजार समितीत काढलेले, टीव्हीकडे बघत एवढंच म्हणाले, “बाप्पा! सातचा भाव चालू असतानी सरळ अकरा? असा व्यापारी आमाले काहून नाई भेटला?”

हा आकडा एका रात्रीत आलेला नाही, हे इथल्या लोकांना पाठ आहे. सैन्यात जायचं होतं त्याला, खेळाचे वाढीव मार्क मिळतात म्हणून क्रिकेटकडे वळला. 2016 ला मुंबईनं दहा लाखांना घेतला आणि एकही मॅच दिली नाही. मग मधली काही वर्षं नावच नाही. 2022 ला पंजाबनं वीस लाखांत घेतला तेव्हा वय 28. तुमच्या-माझ्या ऑफिसात 28 म्हणजे ‘टीम लीड कधी होणार’ एवढंच टेन्शन. क्रिकेटमध्ये त्या वयाला लोक मागे वळून कोचिंगचा कोर्स शोधायला लागतात. मे 2025 ला लखनौसमोर 228 चा पाठलाग करताना त्यानं 33 बॉलमध्ये नाबाद 85 मारले, आणि 3 जूनला बंगळुरू पहिल्यांदा चॅम्पियन झालं. हरलं कोण? पंजाब! सीझनआधीपर्यंत आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो तेच. थोडं वाईट वाटलं. फार नाही.

यवतमाळची गोष्ट आणखी फिल्मी. 19 डिसेंबर 2023, मंगळवार, भर ऑफिसची वेळ. शुभम दुबे, जन्म यवतमाळचा, बेस प्राइस वीस लाख. दिल्ली आणि राजस्थान भिडले आणि हातोडा पडला 5 कोटी 80 लाखांवर. त्याच दिवशी उमेश यादव, भारताकडून इतक्या टेस्ट खेळलेला आपला नागपूरचा उमेश, गुजरातला गेला तोही 5 कोटी 80 लाखांनाच. आयपीएलची एकही मॅच न खेळलेला पोट्टा आणि टेस्ट बोलर, एकच भाव. पुढच्या लिलावात शुभमला राजस्थाननंच परत घेतलं, पण 80 लाखांत. पोरगा तोच, बॅट तीच. बदललं ते फक्त समोरच्याच्या पाकिटातलं शिल्लक आणि त्या तासाची गरज.

हे वऱ्हाडाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे लिलावाला हर्रास म्हणतात, आणि हर्रासात आपल्या मालाशेजारी मुकाट उभं राहून दुसरा काय भाव बोलतो ते ऐकायचं, हे इथल्या कित्येक घरांनी पिढ्यान् पिढ्या केलंय. बेस प्राइस म्हणजे काय, हे अकोल्याच्या माझ्या बँकवाल्या मित्रानं एका वाक्यात सांगितलं. “हमीभाव हाय तो. पण घेनारच नसन तं हमीभाव काय चाटाचा हाय?”

तो हे गमतीत म्हणाला नव्हता. विषय अथर्व तायडेचा होता.

अथर्व अकोल्याचा, डावखुरा ओपनर. पंजाबकडून 2023 मध्ये लखनौसमोर त्यानं 36 बॉलमध्ये 66 केले, दिल्लीसमोर 55. जेद्दाहला हैदराबादनं तीस लाखांत घेतला. ऑक्टोबर 2025 ला नागपुरात इराणी कपमध्ये शेष भारतासमोर 143 ठोकले आणि विदर्भ जिंकला. नोव्हेंबरमध्ये हैदराबादनं त्याला सोडलं. आणि 16 डिसेंबरला अबू धाबीत त्याचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा कोणाचीच पाटी वर गेली नाही. मल्लिका सागर यांनी ‘अनसोल्ड’ म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं. सगळं मिळून दोन घोट चहाचा वेळ.

त्याच दिवशी चेन्नईनं प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या भारताकडून न खेळलेल्या दोन पोरांना प्रत्येकी 14 कोटी 20 लाख दिले. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, खुशाल घ्या. पण बँकवाल्या मित्रानं आठवडाभर वहीत लिहून ठेवलेलं गणित त्या दोन घोटांत गेलं. दहा टीम, प्रत्येकीकडे किती पैसे उरलेत, परदेशी किती, डावखुरा ओपनर कोणाकडे कमी, जखमी कोण. कॉर्पोरेटमध्ये याला डेटा अ‍ॅनालिसिस म्हणून पगार देतात. हा कॅश काउंटरमागे बसून फुकट करतो.

आणि गणित नुसत्या हौसेचं नाही हो. रणजीत नव्या खेळाडूला दिवसाचे चाळीस हजार मिळतात, चाळीसहून जास्त मॅचेस झालेल्याला साठ. ऐकायला मस्त वाटतं, पण मॅच असेल आणि टीममध्ये असाल तरच. तीस लाखांची बेस प्राइस म्हणजे चाळीस हजारांच्या हिशेबानं पंचाहत्तर दिवसांचं क्रिकेट. शिवाय दोन महिने मोठ्या कोचेससमोर नेट्स, टीव्हीवर चेहरा, पुढच्या लिलावात आठवेल असं नाव. ते घर सुटलं की पोराला परत ट्रायलच्या रांगेत उभं राहावं लागतं. पंचविसाव्या वर्षी. इराणीतल्या 143 नंतर.

मला स्वतःला ड्राफ्ट बरा वाटतो. लिलावातला सस्पेन्स त्यात नाही, पण पोराच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी तरी नसते. हे मी टॉवर चौकाजवळच्या टपरीवर बोलून दाखवलं तर एकानंही साथ दिली नाही. “मॅडम, ड्राफ्ट असता तं जितेशले अकरा कोटी कोनं देल्ले असते?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा चहा मात्र त्यांनीच पाजला, हे नोंदवून ठेवते.

तिथेच पुढच्या लिलावाची यादीही सुरू झाली होती. दर्शन नळकांडे यादीत आहेच. 2021 ला सय्यद मुश्ताक अलीच्या सेमीफायनलमध्ये कर्नाटकच्या चार बॅट्समनना चार बॉलमध्ये घरी पाठवलं होतं त्यानं, अशा बोलरला विसरतील कसे? रणजीच्या एका सीझनमध्ये 69 विकेट घेऊन रेकॉर्ड करणारा हर्ष दुबे आहे, पण तो नागपूरकडचा म्हणून ‘आपल्या’ खात्यात धरायचा की नाही यावर दहा मिनिटं गेली. आणि मग अमरावतीहून आलेल्या एकानं जितेशचं नाव वर लिहायला लावलं, तर अकोलेकर भडकले. जितेश 2025 पासून डोमेस्टिक क्रिकेट बडोद्याकडून खेळायला लागला ना! मग तो आपला कसा?

“टीम बदलली त्यानं,” अमरावतीकर म्हणाला, “गाव नाई बदललं. लिव्ह बे नाव.”

वहीवाल्यानं लिहिलं. पण पेन्सिलनं.