सरासरीच्या जिलब्या

गणित या विषयाशी माझं कधीच जमलं नाही. दहावीला मला गणितात छत्तीस मार्क पडले, आणि त्यातला वरचा एक कुठून आला याचं आमच्या सरांना शेवटपर्यंत कोडं होतं. तरीही घरात पैशाचा प्रश्न निघाला की तो माझ्याकडेच येतो. कारण मी एकतीस वर्षं बँकेत होतो. त्यातली बरीचशी वर्षं मी पासबुकं भरण्यात घालवली हे घरच्यांना कितीही सांगितलं तरी पटत नाही.

परवा रविवारी सकाळी दादा आला. हातात एक जाड, गुळगुळीत पुस्तिका. इतका सोनेरी रंग हल्ली लग्नपत्रिकेवरही नसतो. मागोमाग पुतण्या. तो हिंजवडीत नोकरी करतो, महिन्याला ३५ हजार हातात पडतात. आता त्याला एमबीए व्हायचंय. दोन वर्षांचा खर्च १५ लाख. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज म्हटलं की बँक साधारणपणे तारण मागते, आणि तारण ठेवण्यासारखी दादाकडे एकच वस्तू आहे : कोथरूडचा दोन खोल्यांचा फ्लॅट. त्याचा शेवटचा हप्ता गेल्या वर्षी फिटला, तेव्हा वहिनीने अख्ख्या सोसायटीला पेढे वाटले होते.

"काका, बाबांना जरा समजवा ना," पुतण्या म्हणाला, "ॲव्हरेज पॅकेज बारा लाख आहे!"

मी पुस्तिका उघडली. पहिल्या पानावर कोट-टायमधली मुलं छताकडे बघून हसत होती. दुसऱ्या पानावर 'सर्वोच्च पॅकेज ४० लाख'. तिसऱ्यावर 'सरासरी १२ लाख'. नोकरी न लागलेला मुलगा एकाही पानावर हसत नव्हता.

आता सरासरी म्हणजे काय, ते मला कॉलेजात नाही, पंगतीत कळलं. आमच्या एका नातेवाइकाच्या मुंजीत दहा जणांच्या पंगतीला एक पट्टीचे खाणारे आजोबा बसले होते. त्यांनी ३२ जिलब्या उडवल्या. उरलेल्या नऊ जणांच्या पानात दोन-दोन पडल्या. एकूण पन्नास. यजमान अभिमानाने सांगत फिरत होते, "आमच्याकडे माणशी पाच जिलब्या झाल्या!" हिशेब बिनचूक होता. फक्त पाच जिलब्या खाल्लेला माणूस त्या पंगतीत एकही नव्हता.

पुस्तिकेतला '४० लाख' म्हणजे ते आजोबा. आपला मुलगा आजोबांच्या जागी बसणार असं प्रत्येक आईबापाला वाटतं, आणि बहुतेकांचा मुलगा उरलेल्या नऊ पानांपैकी एकावर बसतो.

गैरसमज नको. १९६१ साली कलकत्त्याला आणि अहमदाबादला आयआयएम सुरू झाल्या, १९७८ साली आपल्या पुण्यात सिम्बायोसिसची व्यवस्थापन संस्था निघाली, विद्यापीठाचाही विभाग आहे. हा अभ्यास करून मोठी झालेली माणसं मी पाहिली आहेत. माझं भांडण शिक्षणाशी नाही, सरासरीशी आहे.

विचारायचा आकडा वेगळाच असतो. सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे ओळीने उभं करा आणि बरोब्बर मधल्या मुलाला विचारा, "बाळ, तुला किती?" यालाच मध्यक किंवा मीडियन म्हणतात. केंद्र सरकार २०१६ पासून एनआयआरएफ नावाची क्रमवारी लावतं. तिच्यात भाग घेणाऱ्या संस्थांना नोकरी लागलेल्या मुलांच्या पगाराचा मीडियन द्यावा लागतो. शेजारी किती जणांना नोकरी लागली तोही रकाना असतो. तो आधी वाचावा, कारण नोकरी न लागलेली मुलं मीडियनच्या ओळीत उभीच नसतात.

पुतण्याने मोबाइलवर तो तक्ता काढला. मीडियन निघाला आठ लाख. खोली जरा शांत झाली.

मग मी पासबुकं भरणारा हात चालवला. आठ लाख म्हणजे 'कॉस्ट टू कंपनी'. तू कंपनीला केवढ्याला पडतोस तो आकडा. मंडईत वांगी देठासकट तोलतात, तसा. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, मिळाला तर मिळणारा बोनस हे देठ काढल्यावर हातात महिना ५२ हजार धरू. आजच्यापेक्षा १७ हजार जास्त. आता कर्ज : १५ लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं, हप्ता १९,८०० रुपये, एकूण परतफेड पावणेचोवीस लाख. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज काही सुट्टीवर जात नाही. ते मी धरलंच नाही. शिवाय दोन वर्षांचा बुडालेला पगार, ८ लाख ४० हजार.

"म्हणजे," दादा सावकाश म्हणाला, "पगार सतराने वाढणार आणि हप्ता वीसचा?"

"पगार पुढे वाढतो ना काका!" पुतण्या म्हणाला. त्याचंही खरं आहे. पण वाढ आहे त्या नोकरीतही होते. जास्त वेगाने वाढेलही. पण त्या 'ही'वर गहाण काय पडतंय? आईबापाचं छप्पर.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. ज्या टाइपात 'सर्वोच्च' छापता, त्याच टाइपात मीडियन छापा, आणि खाली किती मुलं रिकाम्या हाताने गेली तेही. सिगारेटच्या पाकिटावर सूचना लागते. पंधरा लाखांच्या वस्तूवर नको? आणि पालकहो, साडी घेताना आपण पदर उलटून बघतो, आंबा घेताना देठ हुंगतो. घर गहाण टाकताना एक प्रश्न विचारायला कसली लाज?

पुतण्याने विचारला. कॉलेजच्या माहितीसत्रात उभा राहून म्हणाला, "सर, मधल्या मुलाला किती मिळतात?" सर म्हणाले, "तुम्ही मधलं व्हायचं का ठरवता? पॉझिटिव्ह विचार करा!" सभागृहात टाळ्या पडल्या. पुतण्याने घरी येऊन सीईटीचा अभ्यास पुन्हा काढला. कमी फीच्या सरकारी विभागात नंबर लागतो का, ते यंदा बघणार आहे. नोकरी चालू आहे.

फ्लॅटचं खरेदीखत वहिनीच्या कपाटात आहे. किल्ली कुठे ठेवलीय ते तिने दादालाही सांगितलेलं नाही.