जनुकें आणि खेळाचा तास

“आडांत नाहीं, तर पोहऱ्यांत कोठून येणार?” असें कांहीं पालक आपल्याच मुलाविषयीं शिक्षकांपुढें बोलतात. मला हें मान्य नाहीं. त्वचेच्या व मेंदूच्या पेशींत जनुकें बहुतेक तींच असतात; भेद पडतो तो कोणतीं जागीं आणि कोणतीं निजलेलीं, यांत. मेंदूंतील मूलपेशींत ‘रेस्ट’ नांवाचें प्रथिन चेतापेशीचीं जनुकें मुकीं करून ठेवितें. त्याचा अंमल ओसरून ‘न्यूरोडी-१’ सारखीं प्रथिनें पुढें सरसावलीं, म्हणजे त्याच मूलपेशीच्या वंशांत नवी चेतापेशी आकारास येते. शरीराच्या हालचालीचाहि या उत्पत्तीवर परिणाम होतो. १९९९ सालीं कॅलिफोर्नियांतील सॉल्क संस्थेंत, चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूंत, स्मरणाशीं निगडित अशा भागांतच, नव्या चेतापेशी अधिक आढळल्या. प्रौढ मनुष्याविषयीं मात्र विद्वानांत वाद आहे: १९९८ सालीं अशा पेशी सांपडल्याचें प्रसिद्ध झालें, २०१८ सालीं एका पथकानें त्या आढळत नाहींत असें लिहिलें, दुसऱ्यानें आढळतात असें. तेव्हां उंदराचा दाखला मुलास सरसकट लावूं नये. तरीहि परीक्षा जवळ आली कीं खेळाचा तास कापून तो गणितास देण्याची आपली चाल मला खटकते. आणि गणित तर मीच शिकवितों.