एक वायर, सारे वाटेकरी

आमच्या अभ्यासिकेची जुनी हार्ड डिस्क मध्यंतरी टकटक करू लागली. मुलांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या प्रश्नपत्रिका तीत. ती बंद पडण्याआधी सारे नव्या डिस्कवर उतरवायला बसलो. दोन्ही डिस्क एकाच हबला, तिथेच माउस आणि कॅमेरा. काम गोगलगायीच्या गतीने! वर्गणीतून सात तोंडांचा नवा हब आणावा, असे ठरतच होते.

पण आम्ही पडलो हिशेबाची माणसे. यूएसबी २.० ची गती सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट. हातात त्याहून कमीच. तीही प्रत्येक तोंडाला नव्हे, हबपासून संगणकाकडे जाणाऱ्या एकाच वायरीला. चाळीच्या नळाला सात तोट्या लावल्या म्हणून पाणी वाढते का? त्यात माउस आणि चालू कॅमेरा यांचा वेळ संगणक आधी राखून ठेवतो, डिस्कला उरलेला. शिवाय आमचा मजकूर त्याच वायरीने संगणकात चढायचा आणि त्याच वायरीने उतरायचा. दुहेरी भाडे!

मग नवी डिस्क हबवरून काढून मागच्या निळ्या, यूएसबी ३.० च्या तोंडात खोचली. तिची वाट वेगळी, सेकंदाला ५ गिगाबिटची. रात्री नऊपर्यंत सारे उतरले. वर्गणी शाबूत आहे.