समता जिभेवर नको, ताटात हवी!



ख्रिस्ती धर्माने श्रद्धेला देह दिला आहे. बाप्तिस्म्याचे पाणी अंगावर पडते. प्रभुभोजनाची भाकर जिभेवर येते. कित्येक मंडळ्यांत द्राक्षारसाचा एकच प्याला सर्वांच्या ओठांना लागतो. समतेची याहून कठीण कसोटी कोणती?

त्या कसोटीस भारतातील ख्रिस्ती समाज उतरला काय? दक्षिणेत उच्चजातीय ख्रिस्ती अस्पृश्य ख्रिस्त्यांनंतर तो प्याला घेईनात. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी जातिभेद मोडण्याचा हुकूम काढला, तेव्हा कित्येकांनी मंडळी सोडली. जात सोडली नाही! स्तोत्रे गाणाऱ्या ओठांनाच बंधूचा विटाळ झाला.

त्यांना दोष देण्यापूर्वी नांदेड-लातूरकडील आपली घरे पाहा. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. मग नुकतीच दीक्षा घेतलेल्या मातंग कुटुंबाच्या चुलीवरची भाकरी आपण खातो काय? त्यांची लेक सून म्हणून आणतो काय? त्रिशरण म्हणताना त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसतो काय?

जात अंगात मुरली आहे. ती हाताने, ताटाने आणि सोयरिकीनेच निघेल. येत्या पौर्णिमेस वंदना आटोपताच त्यांच्या घरी जा आणि त्यांच्या हातचे जेवा.

जय भीम!