चंदेरी पट्टी आणि आलापल्लीचा पत्रा

गाडी घेतली तेव्हा बंपरखालच्या चंदेरी पट्टीवर मी जाम खूश होतो. ब्रोशरमध्ये तिला 'स्किड प्लेट' म्हटलं होतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ताशी आठच्या वेगाने सरकतानाही आपण कुठल्यातरी रॅलीला निघालोय असं वाटायचं. (हसू नका, तुमच्याही गाडीला असेल.)

गेल्या डिसेंबरात चंद्रपूरहून हेमलकशाला निघालो आणि ही हवा उतरली. बल्लारशा, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. तिथून भामरागडपर्यंत साधारण ६५ किलोमीटर जंगलच. गाडीत चार मोठी माणसं, डिकी गच्च. ताडगावच्या अलीकडे एका कच्च्या वळणरस्त्यावर एक दगड दोन चाकांच्या मधोमध घेतला. चूक शंभर टक्के माझी. 'ठण्ण' आवाज झाला आणि दोन मिनिटांत ऑइलचा लाल दिवा लागला. इंजिन लगेच बंद केलं, तेवढीच एक अक्कल. खाली वाकून बघतो तर ऑइल मातीत, आणि चंदेरी पट्टीवर साधा ओरखडाही नाही!

मोबाइलला रेंज नाही. बऱ्याच वेळाने एक काळीपिवळी थांबली. मागच्या सीटवर तापाने फणफणलेलं पोर आईच्या मांडीवर. ड्रायव्हर म्हणाला, "पेशंटले अहेरीच्या दवाखान्यात सोडून येतो जी, मंग दोर लावू." तीन तासांनी तो खरंच आला. दोर बांधताना त्याच्या जीपचं पोट दिसलं. खाली जाड लोखंडी पत्रा, चेपलेला, गंजलेला, ओरखड्यांनी भरलेला. आलापल्लीचा मेकॅनिक माझ्या बंपरवर टिचकी मारून म्हणाला, "साहेब, हे तं शोभेचं हाय." नवा संप चंद्रपूरहून यायला दोन दिवस लागले.

तर मुद्दा. बंपरवरची ती पट्टी बहुतेक गाड्यांत रंगवलेलं प्लास्टिक असते. मार खातो तो तिच्या मागचा संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइल साठवणारं भांडं. ते ॲल्युमिनियमचं असेल तर तडकतं. पत्र्याचं असेल तर चेपतं, आणि फार चेपलं तर ऑइल ओढणाऱ्या नळीचं तोंडच दाबलं जातं. काही गाड्यांना खालून प्लास्टिकचं आवरण असतं. ते चिखल, आवाज आणि वाऱ्यासाठी ठीक आहे, दगडासाठी नाही. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर वेबसाइटवर 'सुरक्षित' असा बिल्ला लावायचा आणि ॲडमिनचा पासवर्ड 'ॲडमिन'च ठेवायचा.

मग सगळ्यांनी लोखंडी पत्रा ठोकून घ्यावा का? अजिबात नाही. पत्र्याने वजन वाढतं आणि जमिनीपासूनची उंची थोडी कमीच होते. नीट बसवला नाही तर खडखडतो, ऑइल बदलताना बरेचदा काढावा लागतो. शिवाय या भागात उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाची पानं गळतात. वाळकी पानं पत्र्यात अडकून सायलेन्सरच्या तापलेल्या भागाला लागली तर पेटू शकतात. म्हणजे पत्रा लावला की तो साफ करायचं कामही आपल्या मागे लागतं.

शहरात तर त्याची गरजच कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा. आपल्या गल्लीतला उभट उंचवटा कधीतरी मोजून बघा! तरीही तिथे गाडी हळू आणि तिरकी काढली की भागतं. त्यातूनही संप फुटलाच तर क्रेन येते. बिल बसतं, एक दिवस जातो, बायको दोन शब्द बोलते. बस्स.

'रस्ता किती खराब आहे?' हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. त्याच्या जोडीला विचारायला हवं की गाडी बंद पडली तर मेकॅनिक किती लांब आहे, आणि आत कोण बसलंय? त्या ड्रायव्हरचा संप त्या दिवशी फुटला असता तर ते तापलेलं पोर रस्त्यातच अडकलं असतं. त्याच्यासाठी तो पत्रा म्हणजे दवाखान्यापर्यंत पोचण्याची हमी आहे. माझी पट्टी मात्र फक्त पार्किंगमध्ये मिरवायला.

मिरवायलाही माझी हरकत नाही. आपण दिसण्यासाठी अलॉय व्हील घेतोच की. पण तिला संरक्षण म्हणून विकू नये आणि आपणही तसं समजून दगडावर गाडी घालू नये. शोरूममध्ये बोटाने टिचकी मारा, आवाजावरून कळेल. मग लाज न बाळगता गुडघ्यावर बसून गाडीखाली बघा. सेल्समन हसला तर हसू दे.

मी पत्रा बसवला का? नाही. वर्षातले ३६० दिवस माझी गाडी पुण्यातच असते. पुढच्या खेपेला ती आलापल्लीला उभी करीन आणि काळीपिवळीने हेमलकशाला जाईन.